मात्रेचा वारसा: औषधी तुपाची कुळकथा

पनवेलीहून रोह्यास जाणारा लोहमार्ग पेण मागे टाकून नागोठण्याच्या दिशेने निघाला की मध्ये कासू नावाचे लहानसे स्थानक लागते. पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली खारेपाटाची भातजमीन, पूर्वेस सह्याद्रीकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख आणि या दोहोंच्या बेचक्यातून गेलेली मुंबई-गोव्याची सडक, एवढा या गावाचा परिसर. परंतु वैद्यकाच्या इतिहासाचा नकाशा पुढे ठेवून पाहिले असता कासूचे स्थान सूचक वाटू लागते. कारण त्याच्या उत्तरेस पनवेल आहे, जेथे १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्रीधूतपापेश्वराच्या नावाने आयुर्वेदीय औषधींचा कारखाना उभा केला, आणि दक्षिणेस राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत, जेथील एका शिलालेखात एका वैद्यकुळाची नोंद इसवीसनाच्या आरंभीच्या शतकांपासून कोरलेली आहे. या दोन टोकांमध्ये सुमारे सतरा शतके पडली आहेत. तेवढ्या काळात राज्ये आली आणि गेली, लिप्या पालटल्या, दफ्तरांची भाषा बदलली. परंतु औषधांनी सिद्ध केलेले तूप चढत्या मात्रेने पाजून मग शरीराचे शोधन करण्याचा जो विधी त्या काळी वैद्यांना ठाऊक होता, तो आजही त्याच क्रमाने चालू आहे. त्या स्नेहपानाची कुळकथा येथे सांगावयाची आहे.

प्रथम विधीचे स्वरूप पाहू. वमन, विरेचन, बस्ती ही पंचकर्मांतील नावे सर्वांच्या परिचयाची असली, तरी त्यांच्याआधी स्नेहन आणि स्वेदन ही पूर्वकर्मे करावी लागतात, आणि ती नीट झाली नाहीत तर पुढील सारे कर्म विफल वा अपायकारक होते, असा शास्त्राचा स्पष्ट निर्बंध आहे. रात्रीचे अन्न पूर्ण जिरल्यानंतर, सकाळी रिकाम्या पोटी, वैद्याने मुक्रर केलेल्या मात्रेत पातळ केलेले तूप प्यावे, त्यावर ऊन पाणी घ्यावे आणि खरी भूक लागेपर्यंत काहीही खाऊ नये. दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवावी, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवावी. मृदू कोठ्याचा माणूस तीन दिवसांत स्निग्ध होतो, क्रूर कोठ्याच्या माणसास सात दिवस लागतात, आणि सातांच्या पलीकडे जावयाचे नाही, कारण त्यापुढे स्नेह शरीराच्या अंगवळणी पडतो व आपले काम करीत नाही. वाऱ्याचे अनुलोमन झाले, अग्नी प्रदीप्त झाला, मळ सैल व स्निग्ध होऊ लागला, त्वचा मऊ पडली आणि पुढ्यातील तुपाचा उद्वेग येऊ लागला, म्हणजे स्नेहन पुरे झाले असे समजावे. मग अभ्यंग आणि स्वेद करीत विश्रांतीचे दिवस काढावयाचे, एक दिवस गेल्यावर वमन किंवा तीन दिवस गेल्यावर विरेचन द्यावयाचे. वाळलेले लाकूडसुद्धा तेल आणि ऊब यांच्या योगाने वाकविता येते, मग जिवंत माणसाचे शरीर का वळणार नाही, अशा आशयाचा दृष्टान्त चरकसंहितेने स्वेदाच्या अध्यायात दिला आहे. त्यात या साऱ्या पद्धतीचे मर्म साठविले आहे: जे बाहेर काढावयाचे ते आधी सैल करावे, अडून बसलेल्या दोषावर बळजबरी करू नये.

हा क्रम किती जुना आहे, याचा सर्वांत रसाळ दाखला वैद्यकाच्या ग्रंथांत नसून बौद्धांच्या विनयपिटकात आहे. त्यातील महावग्गात जीवक कौमारभृत्याची कथा येते. तक्षशिलेस सात वर्षे अध्ययन करून परतताना साकेत नगरीत त्याने पहिला रुग्ण हाती घेतला, तो एका श्रेष्ठीची पत्नी. सात वर्षे तिचे मस्तक दुखत होते. जीवकाने पसाभर तूप नाना औषधींसह शिजविले आणि ते तिच्या नाकात घातले. नाकातून तोंडात उतरलेले तूप तिने थुंकले आणि दासीस ते कापसाने टिपून घेण्यास सांगितले. ती कृपणता पाहून जीवकाच्या मनात आपल्या मोबदल्याविषयी शंका आली, तेव्हा ती गृहिणी म्हणाली की, हे तूप चाकरांच्या पायांना चोळावयास आणि दिव्यात घालावयास उपयोगी पडेल, आपला मोबदला बुडणार नाही. औषधी तूप ही त्या काळी केवढी मोलाची वस्तू होती, हे या एका प्रसंगातून जितके कळते, तितके दहा व्याख्यांतून कळणार नाही.

याच कथेचा पुढचा प्रसंग उज्जयिनीत घडतो. चंडप्रद्योत राजास पांडुरोग झाला होता आणि त्याला तुपाचा मनस्वी तिटकारा होता. तुपावाचून दुसरे काही द्या, अशी त्याची ताकीद होती. या रोगाला तुपावाचून उपाय नाही हे जीवक जाणून होता, म्हणून त्याने तूप नाना द्रव्यांसह अशा रीतीने शिजविले की, त्याला वर्ण, गंध आणि रस काढ्याचा यावा. परंतु त्याचबरोबर त्याने हेही ताडले की, तूप जिरू लागले म्हणजे ढेकर येईल, आणि ढेकर आला की राजाला खरा प्रकार कळेल. मुळ्या आणावयाच्या निमित्ताने कोणत्याही वेळी, कोणत्याही वेशीतून आणि कोणत्याही वाहनावर बाहेर पडण्याची परवानगी त्याने आधीच मिळवून ठेविली होती. औषध पाजून तो भद्दवतिका नावाच्या वेगवान हत्तिणीवर बसून निघून गेला. राजाचा कोप झाला, पाठलागावर माणूस धाडला गेला, पण रोगही बरा झाला, आणि अखेरीस राजाने जीवकास शिवी देशातील उंची वस्त्रांची जोडी पाठविली.

या कथेतील पराक्रमापेक्षा तिच्यातील वैद्यकीय निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तूप केव्हा जिरले याचा निर्णय वैद्य ढेकरावरून करतो, हे ज्ञान कथाकाराला इतके स्वाभाविक वाटते की, त्याने त्यावर सारे कथानक उभारले. पुढे शास्त्रग्रंथांनी हेच लक्षण नियमरूपाने नोंदविले: स्नेह जिरत असताना डोके जड होते, तहान लागते, ग्लानी येते, जिरून गेल्यावर ढेकर शुद्ध येतो, अंग हलके होते, भूक उघडते. संशय राहिल्यास ऊन पाणी पाजावे, म्हणजे ढेकर स्वच्छ होऊन खातरजमा होते. त्याच महावग्गात, भगवान बुद्धांना विरेचन देण्यापूर्वी त्यांचे शरीर काही दिवस स्निग्ध करण्यास जीवक आनंदाला सांगतो. आधी स्नेह आणि मग शोधन, हा क्रम तेथेही अबाधित आहे. भिक्षूंना ज्या पाच औषधी द्रव्यांची मोकळीक देण्यात आली, त्यांत तूप पहिले आहे आणि लोणी दुसरे.

अशा काळात कोकणच्या किनाऱ्यावरही वैद्य होते याचा पुरावा कुड्याच्या लेण्यात आहे. तेथील सव्वीस लेण्यांपैकी एकाच्या शिलालेखात, वैद्य इसिरखित या उपासकाचा पुत्र वैद्य सोमदेव याने आपल्या पुत्रांसह आणि कन्यांसह ते लेणे दान दिल्याचा मजकूर आहे. बाप वैद्य, मुलगा वैद्य, आणि त्यांच्या पदरी एक अख्खे लेणे कोरवून देण्याइतकी संपन्नता; एवढ्या ओळींवरून या व्यवसायाची समाजातील प्रतिष्ठा ध्यानात येते. सह्याद्रीच्या पलीकडे पितळखोऱ्याच्या त्याहून जुन्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचा उल्लेख आहे, तोही दात्याच्या नात्यानेच. सोमदेवाने आपल्या रुग्णांना काय पाजले हे दगडाने सांगितलेले नाही. परंतु तो ज्या धर्मपरंपरेचा उपासक होता, तिच्या ग्रंथांत औषधी तुपाच्या कथा आणि नियम यांना मानाचे स्थान होते, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

कथेतला विधी शास्त्र झाला तो चरकसंहितेत. सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय सर्वस्वी स्नेहाला वाहिलेला असून, तो अग्निवेशाच्या प्रश्नांनी सुरू होतो: स्नेहाची उगमस्थाने कोणती, कोणता स्नेह कोणत्या ऋतूत, त्याची मात्रा किती, कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये, आणि बिघाड झाल्यास उपाय काय. पुनर्वसू आत्रेय एकेका प्रश्नाचे उत्तर देतात. तूप, तेल, वसा आणि मज्जा हे चार श्रेष्ठ स्नेह. त्यांत तूप सर्वोत्तम, कारण ज्या द्रव्यांचा संस्कार करावा त्यांचे गुण ते घेते आणि स्वतःचे गुण सोडीत नाही. तुपाला शरद ऋतू योग्य. उन्हाळ्यात रात्री प्यावे, थंडीत सूर्य स्वच्छ असता दिवसा प्यावे. ज्यांना तूप पाहूनच शिसारी येते, त्यांना ते निर्भेळ न देता भात, यवागू, मांसरस, दूध, भाजी अशा चोवीस प्रकारांतून द्यावे. चंडप्रद्योतापुढे जीवकाला जी युक्ती लपूनछपून करावी लागली, तिची येथे उघड तजवीज झाली आणि तुपाचा तिटकारा हा अपराध न राहता रुग्णाच्या प्रकृतीचा एक विशेष म्हणून मान्य झाला. वैद्यकाची परंपरा पुढे सरकते ती अशी.

परंतु या अध्यायाचा खरा मानबिंदू म्हणजे त्याने दिलेले मात्रेचे माप. चरकाने मात्रा शेरा-छटाकांत किंवा पळांत सांगितलेली नाही. ती काळात सांगितली आहे. जेवढे तूप जिरावयास एक अहोरात्र लागते ती उत्तम मात्रा, दिवसभर लागते ती मध्यम, आणि अर्धा दिवस लागतो ती ह्रस्व. म्हणजे माप भांड्यात नसून पिणाऱ्याच्या अग्नीत आहे. एकाची ह्रस्व मात्रा दुसऱ्याला उत्तम ठरेल, आणि हे ठरविण्यासाठी वैद्याने त्या माणसाजवळ दिवसभर लक्ष ठेवून राहिले पाहिजे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात यावर आणखी एक सावधगिरीची पायरी चढविली: ज्याचा कोठा अजून पारखला गेलेला नाही, त्याला आरंभी ह्रस्वाहूनही लहान मात्रा द्यावी आणि ती कशी जिरते हे पाहून मग पुढचा हिशेब करावा. रोग्याच्या शरीराला प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऐकण्याची ही रीत आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विधीचे प्राणतत्त्व तीच आहे.

औषधी तुपाची ही विद्या केवळ भरतखंडात कोंडून राहिली नाही. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावर लिहिलेली एक जीर्ण पोथी आली. कलकत्त्यास रुडॉल्फ हर्नले यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. त्या पोथीतील नवनीतक नावाच्या वैद्यकग्रंथात चूर्णांच्या पाठोपाठ एक संपूर्ण अध्याय औषधी घृतांचा आहे, आणि जीवकाचे नाव औषधयोगांच्या संदर्भात तेथेही आढळते. ज्या मार्गाने रेशीम आणि भिक्षू प्रवास करीत होते, त्याच मार्गाने तुपाचे पाठही वाळवंट ओलांडून गेले. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास अष्टांगहृदयाचे तिबेटी भाषांतर झाले आणि हिमालयापलीकडच्या वैद्यांनाही वाग्भट आपला वाटू लागला.

महाराष्ट्रात वाग्भटाला जो विशेष मान मिळाला, त्याचे मोठे श्रेय देवगिरीच्या यादवांच्या दरबारास द्यावे लागते. महादेव आणि रामचंद्र यांच्या अमलात श्रीकरणाधिप म्हणून राज्याचे दफ्तर सांभाळणाऱ्या हेमाद्रीने, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून ओळखतो, अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका रचली. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या पुरुषाने वैद्यकावर टीका लिहावी, यात त्या युगाची विद्येविषयीची धारणा दिसते. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास शार्ङ्गधराने आपल्या संहितेत स्नेहाच्या मात्रेला वजन दिले: प्रदीप्त अग्नीच्या माणसास एक पळ, मध्यमास तीन कर्ष, मंदास दोन कर्ष. काळाच्या मापाकडून वजनाच्या मापाकडे झालेले हे संक्रमण व्यवहाराला सोयीचे होते यात संदेह नाही. परंतु येथेही अग्नीची पारख आधी आणि वजन मागाहून, ही शिस्त शार्ङ्गधराने सोडलेली नाही.

तूप सिद्ध करण्याची कृती त्याच संहितेने इतकी बांधेसूद सांगितली आहे की, आजच्या रसशाळांतही ती प्रमाण मानली जाते. औषधींचा कल्क एक भाग, तूप चार भाग आणि काढा, स्वरस किंवा दूध यांपैकी जो द्रव सांगितला असेल तो सोळा भाग, असे मिश्रण रुंद कढईत मंद आचेवर ठेवावे आणि तळाशी लागू नये म्हणून सतत ढवळीत राहावे. पाणी आटत येते, तसतसा कल्क घट्ट होतो. तो बोटांमध्ये वळला असता वात तयार व्हावी, विस्तवावर टाकला असता तडतडू नये. तेलाला पाकाच्या शेवटी फेस येतो, तुपाचा मात्र फेस शमतो, आणि हे अनुभवी माणसाचा डोळा तत्क्षणी ओळखतो. मृदू पाक नस्याला, मध्यम पाक पिण्याला व इतर सर्व कर्मांना, खर पाक अभ्यंगाला. शिवाय हा पाक एका दिवसात उरकू नये, रात्रभर मुरू देऊन मग पुरा करावा, असा शार्ङ्गधराचा दंडक आहे. मेदात विरघळणारे वनस्पतींतील घटक या दीर्घ शिजण्यात तुपात उतरतात, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही उघड आहे. तथापि स्नेहाने दोष शाखांतून कोठ्यात येतात, हा शास्त्राचा स्वतंत्र सिद्धान्त असून, पहिल्या गोष्टीच्या सत्यतेवर दुसरीची सिद्धी उभी करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसरीची परीक्षा तिच्या स्वतःच्या मार्गाने आणि आधुनिक कसोट्यांवर व्हावयास हवी.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेला दोन नवी साधने लाभली: छापखाना आणि कारखाना. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांच्या शुद्धतेविषयी जो लौकिक मिळविला, त्याचा लाभ वैद्यकासही झाला. डॉक्टर अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय १८८० साली निघाले, आणि १९३९ साली हरिशास्त्री पराडकरांनी अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीची टीकाही त्याच छापखान्यातून प्रसिद्ध केली. जी पोथी एका घराण्याच्या दप्तरात बांधलेली असे, ती आता कोणत्याही तालुक्याच्या वैद्याला टपालाने मागविता येऊ लागली. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकास वैद्यांचे संमेलन भरवून विखुरलेल्या वैद्यांना एका छताखाली आणले.

कारखान्याचे कार्य याहूनही दूरगामी झाले. पूर्वी वैद्य स्वतः वनस्पती ओळखी, खुडी, कुटी आणि स्वतःच्या चुलाणावर तूप सिद्ध करी. एका रुग्णासाठी एक कढई, असा तो मामला होता. घाटाच्या वाटेने पुण्याशी आणि खाडीच्या वाटेने मुंबईशी जोडलेल्या पनवेलीत औषधे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, तेव्हा ज्या वैद्याला भट्टी लावण्याची ऐपत किंवा सवड नव्हती त्यालाही सिद्ध औषध मिळू लागले. पेण, कासू, नागोठणे, रोहे या पट्ट्यातील रुग्णाला त्रिफळाघृत किंवा महातिक्तकघृत आज बाटलीत मिळते, यामागे त्या पिढीचा मोठा उद्योग आहे, आणि त्याविषयी कृतज्ञ असणेच उचित होय.

तथापि बाटलीतून तूप आले, पण मात्रा आली नाही. ती येऊ शकत नाही. अलीकडे आरोग्यविहारांतून आणि समुद्रकाठच्या विश्रामधामांतून तीन दिवसांची, पाच दिवसांची शुद्धी ठरीव दराने विकली जाते. सर्वांना एकच पेला, एकच दिवसक्रम, आणि चौथ्या दिवशी मोटारीत बसून घरी. शास्त्राच्या दृष्टीने हे विपरीत आहे. स्नेहपान चालू असेतो आणि पुढेही तितकेच दिवस ऊन पाणी प्यावे, दिवसा झोपू नये, वेग अडवू नयेत, मोठ्याने बोलणे, क्रोध, वारा आणि प्रवास टाळावा, असा दंडक आहे. गर्भिणी, अग्नी सदैव मंद असलेला, अन्नद्वेष्टा, वांती होणारा, दुर्बळ, तहानेने व्याकुळ झालेला, अशांना स्नेहपान वर्ज्य सांगितले आहे. आजच्या काळात यकृताचा, पित्ताशयाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी आपल्या चिकित्सकाच्या संमतीवाचून या वाटेस जाऊ नये, हे त्याच विवेकाचे पुढचे पाऊल होय. हे निषेध म्हणजे विधीचाच अर्धा भाग आहे. ते गाळून उरते ते केवळ तूप.

शोधनानंतरच्या पथ्यासही हाच न्याय लागू पडतो. विरेचन झाले म्हणजे अग्नी क्षीण झालेला असतो, म्हणून प्रथम पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट मऊ भात, मग मुगाचे बिनफोडणीचे कढण, मग फोडणीचे, आणि नंतर नेहमीचे अन्न, असा संसर्जनक्रम सांगितला आहे. शोधन उत्तम झाले असेल तर या चढणीस बारा अन्नकाळ लागतात, म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणांचे सहा दिवस. खारेपाटाच्या तांदळावर पोसलेल्या घराला पेज शिकवावी लागत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला ऊन पेज पाजून हळूहळू भातावर आणणारी आजी, ग्रंथ न वाचताही, आत्रेयांच्याच शिस्तीने चालत असते. शास्त्र आणि घर यांची अशी जेथे गाठ पडते, तेथे परंपरा सर्वांत निरोगी असते.

या साऱ्या कुळकथेचा निष्कर्ष मला असा दिसतो. साकेतच्या गृहिणीपासून आजच्या रुग्णापर्यंत द्रव्ये बदलली, भांडी बदलली, विक्रीची रीत बदलली. तूप कारखान्यात शिजू लागले आणि ग्रंथ छापखान्यात. एक गोष्ट मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागली, आणि पुढेही करावी लागेल: तूप प्यालेल्या माणसाजवळ बसून, त्याची तहान, त्याचा ढेकर आणि त्याची भूक पाहून, उद्याची मात्रा ठरविणे. हे काम कोणत्याही बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. म्हणून ज्यांना या विद्येचे जतन करावयाचे आहे, त्यांनी तुपाचे पाठ जपावेत हे खरेच, पण त्याहून अधिक काळजीने असे वैद्य घडवावेत, ज्यांना रुग्णासाठी दिवसाचा अवधी देण्याची सवय आहे. आणि रुग्णानेही स्नेहपान मागताना तुपाच्या किमतीआधी एवढे विचारावे की, ते जिरेपर्यंत माझ्याकडे कोण पाहणार आहे.